हं, पुढे

सिग्नल बदलला. मला शिकवलं होतं तसं मी म्हटलं, "रस्ता मोकळा. आधी एक उतरती पायरी, मग सपाट." माझं कोपर धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने जिभेने टक् केलं आणि म्हणाला, "हं, पुढे." बस्स, एवढंच. सकाळचं ऊन होतं, समोरच्या बेकरीचं शटर अर्धं वर गेलं होतं, एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती की कुत्रा बाईला ते कळत नव्हतं, आणि माझ्या कोपरापासून खांद्यापर्यंत इस्त्रीचा चटका बसल्यासारखं झालं. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, लोकांना "आता दिसतंय का नीट?" असं विचारते, आणि रविवारी ज्यांना कुठल्याच काचेचा उपयोग नाही त्यांना फिरवायला नेते. आमचा गट आहे पंचवीस-तिशीच्या आतल्या पोरापोरींचा. ज्याने तो काढला त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याने आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून आम्हालाच आधी अख्ख्या बाजारातून फिरवलं होतं. त्याचे नियम ठरलेले. माणसाला ओढायचं नाही, त्याला आपलं कोपर धरू द्यायचं, आपण अर्धं पाऊल पुढे राहायचं. 'सांभाळून' म्हणायचं नाही, कारण सांभाळून म्हटल्याने समोरचा फक्त घाबरतो, त्याला काही कळत नाही. काय आहे ते सांगायचं. नुसतं पायरी म्हणायचं नाही, चढती की उतरती ते सांगायचं. शिवाय आंधळा मागतो एक डोळा, आंधळं दळतं, आंधळा कारभार, या सगळ्यांवर बंदी. "मग आम्ही बोलायचं तरी काय?" असं मी विचारलं होतं तेव्हा सगळे हसले होते. त्या सिग्नलवर मात्र माझी खरंच बोलती बंद झाली. म्हातारा म्हणाला, "काय गं पोरी, थांबलीस का?" आणि मी चालायला लागले, कारण मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तो आवाज मी तिसरीत असताना ऐकला होता. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणखात्यात होती आणि शाळा सुटली की मी गेटबाहेर दगडावर बसून तिची वाट बघायची. संध्याकाळी बायका एकामागून एक बाहेर यायच्या. गेटजवळ एक झडतीवाली बाई असायची आणि तिच्यामागे साहेब, खिशाला पेन, हाताची घडी. बाई पुढे आली की हात वर करायची, झडतीवाली कमरेवरून हात फिरवायची, साहेब जिभेने टक् करून म्हणायचा, "हं, पुढे." मला तो खेळच वाटायचा. घरी मी बाहुलीचे हात वर करून टक् करायची, आणि आई हसायची. मग एका संध्याकाळी कापणी मास्तरची मोठी कात्री हरवली. आई पुढे आली, तिने हात वर केले, झडतीवालीने हात फिरवला, आणि टक् झालंच नाही. साहेब म्हणाला, "पुन्हा बघ." तिने पुन्हा बघितलं. "कॉलर बघ. ओच्यात बघ. केस सोड तिचे." आईने केस सोडायला हात खाली घेतले तर ओरडला, "हात वर!" झडतीवालीनेच तिचे केस सोडले. मागे सगळ्या रांगेतल्या बायका बघत होत्या, गेटबाहेर मी बघत होते, चहावाला बघत होता. झडतीवाली त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. आता मी मोठी झालेय, ती काय पुटपुटली असेल ते मला माहीत आहे. काही सापडलं नाही, हेच. पण त्याने ते मोठ्याने म्हटलं नाही. त्याने आईला बाजूला उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "हं, पुढे." बायका तिच्याकडे न बघता निघून गेल्या. तो आपल्या खोलीत गेला. आई हात वर करून तशीच उभी. हात खाली घे असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी वॉचमनने गेट ओढलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, घरी जा आता." आणि "उद्या येऊ नका असं सांगितलंय," हेही त्यानेच सांगितलं. घरी येताना आईने माझा हात धरला नाही. तिचे हात थरथरत होते आणि ते तिला मला कळू द्यायचं नसावं.

कात्री नंतर सापडली म्हणे, कापडाच्या गठ्ठ्याखाली. हरवली तेव्हा अख्ख्या खात्यात बोंब झाली, सापडली तेव्हा कुणाला पत्ता नाही. आणि शिक्का एकदा बसला की बसला. आई घरीच शिवायला लागली. आमच्या गल्लीत निम्म्या बायका त्याच कारखान्यातल्या, त्याच तिच्याकडे कपडे टाकायच्या, कारण तिच्यासारखी बाही कोणाला बसवता येत नाही. पण कापड देताना दारातच हातभर हातभर मापून द्यायच्या आणि तिच्याकडून कबूल करून घ्यायच्या. उरलेला कपटा परत मागायच्या. वाईटपणाने नव्हे, हसत हसत. "आपलं असावं माहिती," असं म्हणायच्या. सवय लागली होती त्यांना. आईने मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं, दाराकडे पाठ. मी लहानपणापासून आईची पाठ बघत मोठी झाले. तिच्या मानेवर कुठे तीळ आहे ते मला तिच्या हसण्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि आता त्याच पाठीची लेक रविवारी सकाळी त्या माणसाला कोपर देऊन बागेपर्यंत नेत होती, आणि तो ऊन चेहऱ्यावर घेत म्हणत होता, "साखरेने डोळे खाल्ले गं माझे. पण एक सांगतो, तुमच्यासारखी मुलं आहेत म्हणून जग चाललंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "डावीकडे बाक आहे, काका. बसा."

कॅप्टनला सांगून माणूस बदलून घेता आला असता. नाही घेतला. का नाही घेतला याची खोटी कारणं मी स्वतःला देत नाही. मला तो हवा होता. रविवार उजाडायची मी वाट बघायला लागले. काचा घासताना, पायाखाली यंत्र घरघरत असताना, मी त्याला मनातल्या मनात पाडायची. कधी जिन्यावरून, कधी बसच्या दारातून, कधी बागेतल्या कमळांच्या हौदात. एकदा तर एका गिऱ्हाइकाची काच मी इतकी घासली की मालक म्हणाला, "अगं, पार घासून टाकशील, काय वैर आहे का तिच्याशी?" तो माझ्या कोपरावर चार बोटं ठेवायचा, मऊ, नखं कापलेली, सून कापून देत असणार. तो बोलायचा खूप. नातू कसा हुशार आहे, सून कशी तोडून बोलते, अंधारात चहा ओतताना बोट कपात कसं घालावं लागतं. कारखान्याचंही बोलायचा. "शेकडो बायका होत्या माझ्या हाताखाली. एकीलाही उलटून बोलू दिलं नाही, पण एकीवरही अन्याय केला नाही." हे तो इतक्या स्वच्छ मनाने म्हणाला की मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. लबाड माणसाचा राग परवडतो. याला खरंच आठवत नव्हतं. ज्या संध्याकाळपाशी आमचं अख्खं घर थांबून राहिलं, ती याने दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर गिळून टाकली होती. मी विचारलं, "कधी कात्री वगैरे हरवायची का हो?" तो हसला. "रोज काहीतरी हरवायचं. कात्र्या, बटणं, अंगठे." त्याला तो विनोद वाटला होता.

त्या दिवशी परतताना फूटपाथ खणलेला दिसला. पाइप टाकायला गुडघाभर खोल चर खणला होता, कडेला मातीचा ढीग, फळी नाही, काही नाही. मी लांबून बघितला आणि आतून एकदम शांत झाले. काहीच करायचं नव्हतं. ढकलायचं नव्हतं, ओढायचं नव्हतं. फक्त एक शब्द बोलायचा नव्हता. त्याने तरी आईला काय केलं होतं? तोंडातून एक वाक्य काढलं नव्हतं, एवढंच तर. तो नातवाच्या शाळेबद्दल सांगत होता. मी "हो का" म्हणत होते. चर जवळ आला, मी तोंड मिटलं, आणि माझा पाय आपोआप लांब पडला, कोपर वर उचललं गेलं, कारण पडायचं नसेल तर मलाही तो चर ओलांडावाच लागणार होता की! आणि त्या उचललेल्या कोपराबरोबर म्हाताऱ्याने पाय उचलला, टाकला, आणि पलीकडे आला. बुटाला जराशी माती लागली. तो थांबला आणि लहान मुलासारखा खूष झाला. "अगं, न बोलता कळलं मला! खड्डा होता ना? आता जमायला लागलं आपलं." कॅप्टन म्हणतो तेच खरं, तोंड काहीही सांगो, कोपर खोटं बोलत नाही. मी त्याला घरी सोडलं, सुनेने दिलेलं पाणी प्यायले, आणि त्यांच्याच बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, रागाने रडले. माझंच शरीर फितूर झालं होतं. इतकी वर्षं जपलेलं वैर, आणि एका कोपराला म्हणून ते सांभाळता येऊ नये!

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? कॅप्टनने आमचा फोटो गटाच्या पानावर टाकला, खाली 'बदल घडवणारे हात' असं काहीतरी, आणि तो फिरत फिरत आमच्या गल्लीत आला. मी दुकानातून घरी आले तेव्हा बटणवाली मावशी दारातून निघतच होती. ती कारखान्यात काजं-बटणं करायची, त्या दिवशी रांगेत आईच्या पाठोपाठ उभी होती. मला बघून म्हणाली, "पुण्याचं काम करतेस हो बाई. साहेबांना कोपर देऊन हिंडतेस. आईचं सगळं विसरलीस वाटतं." आणि गेली. अगदी मोजून मीठ चोळलं. आत आई मशीनवर होती, पाठ माझ्याकडे. मशीन चालू होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले बरेच रविवार."

"ओळखलंस कसं?"

मी जिभेने टक् केलं. मशीन थांबलं. तिचा तीळ असलेला मानेचा भाग हळूहळू लाल झाला, आणि मला वाटलं, मी हे करायला नको होतं.

"एकदा पाडणार होते त्याला," मी म्हटलं. "खड्ड्यात. नाही पडला."

"बरं झालं."

"बरं काय झालं? काय बरं झालं, आई? तुला काहीच वाटत नाही का?" माझा आवाज चढला. तिच्या त्या पाठीवर मला बुक्क्या माराव्याशा वाटत होत्या.

ती वळली. खुर्चीवरच पूर्ण वळली, मांडीवर कोणाचातरी अर्धा झालेला झगा घेऊन. "पडला असता तर चार लोक धावले असते," ती म्हणाली. "त्याला उचललं असतं, पाणी पाजलं असतं, बिचारा म्हणाले असते. त्यात माझं काय झालं असतं?" तिने दाताने दोरा तोडला. "काय बोलतो तो?"

"काय बोलणार? आमच्या गटाच्या वार्षिक समारंभात भाषण करायचंय त्याला, तरुणांचं कौतुक. जुना कोट ढिला झालाय म्हणतो, अंगावर राहत नाही. शिंपी माहीत आहे का म्हणून विचारत होता."

आई बराच वेळ त्या झग्याची शिलाई बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "घेऊन ये. रविवारी. माझं नाव सांगू नकोस, आई शिवते एवढंच सांग."

तो रविवार मला अजून तुकड्यातुकड्यांत दिसतो. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा मला आधी कळेना की काय बदललंय. मग दिसलं. आमचं दार सताड उघडं होतं आणि मशीन दाराच्या तोंडाशी होतं, रस्त्याकडे तोंड करून. जड मशीन, तिने एकटीने ओढलं असणार, फरशीवर ओरखडे होते. आणि दाराबाहेर पायऱ्यांवर बायका होत्या. बटणवाली मावशी, कॉलरवाली, इस्त्रीवाली, आणखी कोण कोण, त्या खात्यातल्या जवळजवळ सगळ्या. आईने सगळ्यांना तयार कपडे न्यायला नेमक्या त्याच वेळी बोलावलं होतं. त्यांनी त्याला बघितलं आणि बोलणं तुटलं. म्हाताऱ्याला काय, त्याला माणसांचा वास आला. "गर्दी आहे वाटतं? चांगलं चालतंय आईचं." मी म्हटलं, "तीन चढत्या पायऱ्या." तो चढला. वरच्या सपाट जागेवर आईने त्याला दंडाला धरून उभं केलं, गल्लीकडे तोंड करून. "आत उजेड नाही," ती म्हणाली, "इथेच माप घेते." तिचा आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली. तिने कोट त्याच्याकडून घेऊन माझ्या हातात दिला, गळ्यातली टेप हातात घेतली. तो बोलतच होता, "तुमच्या लेकीने मला पुन्हा माणसांत आणलं हो, बाई. संस्कार दिसतात."

"हात वर," आई म्हणाली.

त्याने केले. माप घ्यायचं म्हणजे हात वर करायचेच, त्यात काय! आईने छातीला टेप लावली, कमरेला लावली. मग टेप पुन्हा गळ्यात टाकली आणि मोकळे हात त्याच्या कमरेवरून फिरवले. पायऱ्यांवर कोणीतरी श्वास ओढला. "खिशात काही असलं की माप चुकतं," आई म्हणाली आणि तिने त्याचे खिसे उलटे केले. रुमाल, किल्ली, साखरेच्या गोळ्यांची पट्टी. एकेक वस्तू तिने मशीनवर मांडली, सगळ्यांना दिसेल अशी. "पुन्हा बघते." तिने पुन्हा बघितलं. कॉलरच्या आत दोन बोटं घालून गोल फिरवली. शर्टाचा घेर चाचपला, शिलाईपासून शिलाईपर्यंत. म्हाताऱ्याचं बोलणं कुठेतरी मध्येच थांबलं होतं. त्याने हात जरा खाली घेतले. आई ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "वर." ते परत वर गेले. ऊन त्याच्या तोंडावर होतं आणि ओठ हलत होते, जणू तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय. बटणवाली मावशी दोन्ही हातांत आपला नुकताच घेतलेला नवा ब्लाउज घट्ट धरून उभी होती. तिने तो मापला नव्हता.

मग आई एक पाऊल मागे सरली. माझ्या आईचा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता, मला वाटायचं तिला तो नाहीच. तो गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"काही सापडलं नाही!"

 आई बायकांकडे बघत होती, एकेकीकडे, आणि एकेकीची मान खाली जात होती. म्हाताऱ्याचा चेहरा मेणासारखा झाला. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं, निदान गेट तरी आठवलं असणार. अगदी हळू, हात वरच ठेवून, त्याने विचारलं, "त्यातल्या... कोणत्या तुम्ही?"

त्यातल्या कोणत्या! म्हणजे आई एकटी नव्हती. पायऱ्यांवर कॉलरवाली मटकन खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. तिचं काय होतं ते मला माहीत नव्हतं, आजही नाही.

"आठवा तुम्हीच," आई म्हणाली. "भरपूर वेळ आहे तुमच्याकडे." ती मशीनवर जाऊन बसली, गल्लीकडे तोंड करून, त्याच्या वस्तू एका कडेला सरकवल्या आणि जिभेने टक् केलं. "हं, पुढे. कोणाचे कपडे न्यायचेत?"

बायका एकेक करून पुढे आल्या. कपडे घेतले, तसेच काखेत मारले, कोणी उलगडून बघितलं नाही. म्हातारा त्यांच्यामध्ये हात वर करून उभा. त्या त्याला वळसा घालून जात होत्या. त्याचे हात थरथरायला लागले होते आणि दंडाची सैल कातडी हलत होती. त्याला कुठे भिंत, कुठे पायरी, काही ठाऊक नव्हतं. त्याला माझं कोपर हवं होतं, आणि ते मागायला हात खाली घ्यावा लागला असता. मी त्याचा कोट कवटाळून दारात उभी होते. मला खूप बरं वाटत होतं. 

शेवटची बाई गेल्यावर आईने सुई ओवली. वर न बघता म्हणाली, "सांग त्याला."

"काय?"

"हात खाली घे म्हणावं. मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी सांगितलं. पण लगेच नाही.